बिनधुराची शेगडी

आमच्या घराच्या खिडक्या इतक्या घट्ट आहेत, की आत कुणी गुपित बोललं तर ते महिनाभर बाहेर पडत नाही. हे मी कोरेगावच्या बाजारात सांगत सुटलो होतो आणि निम्म्या तालुक्याला ते पटलंही होतं. आमचं जुनं घर कौलारू. त्या घरात आमच्यापेक्षा वाराच जास्त राहायचा. थंडीत पांघरुणं आमची आणि ऊब त्याची, असा प्रकार. म्हणून उसाच्या कडेला स्लॅबचं नवं घर बांधलं, तेव्हा मी भाईला सांगून ठेवलं. भाई म्हणजे आमचा शेजारी. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बनवतो आणि शाळेपासून माझ्या थापा ऐकतो.

"भाई, खिडकी अशी पायजे, की मळीचा टँकर दारात उलटला तरी आत वास येता कामा न्हाई."

"वासाचं काय घिऊन बसलास गड्या? यम आला तरी भाईर हुबा राहून बेल वाजवंल."

भाईनं शब्द पाळला. खिडकी सरकवली की घर डब्यागत बंद.

त्याच घरात मागच्या थंडीत माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आली. तिला दिलीय इस्लामपूरकडं. जावई फौजेत, बर्फातल्या कुठल्याशा ठाण्यावर. मुलगी झाली. आजोबा झालो म्हणून मी इतके पेढे वाटले, की साताऱ्यातल्या म्हशींना धाप लागली. आणि बाळंतीण घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी विट्याच्या गाडीतून माझी थोरली बहीण उतरली.

आक्काशिवाय आमच्यात बाळंतपण होत नाही. मालिश, आंघोळ, धुरी, शेक, सगळं तिच्या हातचं. तिच्या मालिशनं पोरं अशी टणक होतात, की बारशाला पाळण्यात घालायचं का तालमीत, असा प्रश्न पडतो. पण तिची खरी ख्याती शेगडीची. दाजी गलाईवाले. सोनं गाळायचं दुकान त्यांनी लांब मद्रासेकडं टाकलं, आणि दुकानामागच्या खोलीत आक्कानं अर्धा जन्म काढला. भट्टीचा कोळसा तीच निवडायची. लोणारी कोळशाचा तुकडा दगडावर आपटून ती कान देते. खण्ण वाजला तर शेगडीत, भद्द वाजला तर अंगणातल्या चुलीत. अंगणात शेगडी पेटवून, वारा घालून, निखारे लालबुंद झाले आणि त्यावर राखेची पातळ साय धरली, की मगच ती आत नेणार.

"माझ्या शेगडीला धूर न्हाई," ती सांगायची. "एक रेघ जरी दिसली तरी मला माघारी इट्याला धाडा."

आणि खरंच, रेघ कधी दिसली नाही. बिनधुराची शेगडी बाळंतिणीच्या बाजेखाली सरकवायची, वर लेक आणि नात, पायाशी दाराला टेकून आक्का. दार खालच्या फटीतून वाजायचं म्हणून आतून कडी. खिडकी तर भाईचीच. बाळंतिणीच्या डोक्याला रुमाल, कानात कापूस. वाऱ्यानं आत यायचं म्हटलं तरी त्याला ग्रामपंचायतीचा दाखला लागला असता.

पहिले दोन-तीन दिवस बरे गेले. मग एका सकाळी शेक झाल्यावर लेक म्हणाली, "आत्या, डोकं लय ठणकतंय."

"वारं शिरलं," आक्का म्हणाली. लगेच दाराखालच्या फटीत जुनेर कोंबलं.

दुसऱ्या दिवशी डोकं जास्त. वर मळमळ. मग आक्कानं निदान बदललं. दृष्ट. मीठ-मिरच्या ओवाळून शेगडीत टाकल्या आणि सगळे नाकं धरून ठसक्याची वाट बघत बसले. ठसका काही आला नाही. आता, मिरच्या जळून ठसका येत नाही म्हणजे दृष्ट जबर, हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. आक्कानं शेजारणींची यादी मनातल्या मनात वाचली आणि शेगडीत आणखी दोन ओंजळी कोळसे घातले.

गंमत अशी, की दुपारी बायका नात बघायला यायच्या, दार सताड उघडं राहायचं, आणि लेकीचं डोकं उतरायचं. आक्का म्हणायची, "बघ! लागू पडला का न्हाई शेक?" स्वतःच्या कपाळालाही तिनं फडकं आवळलेलं असायचं. माझ्या बायकोनं विचारलं, "वन्सं, तुमचंबी दुखतंय व्हय?" तर म्हणाली, "माझं काय घिऊन बसलाय वैनी, वय झालं. च्या टाका."

आणि नात? नात तर गुणाची. शेगडीच्या वेळी चूं नाही की चां नाही. गाढ झोप. आम्ही गावभर तिचं कौतुक केलं.

एके संध्याकाळी जावयाचा व्हिडिओ कॉल आला. जावई कमी बोलणारा. बर्फात शब्द गोठत असणार. बायकोची तक्रार ऐकून त्यानं फोन माझ्याकडं मागितला.

"मामा, हिचं डोकं सकाळीच का दुखतंय? शेगडी कुठं ठिवता?"

"बाजंखाली. पण काळजीच करू नगा पाव्हणं. आक्काची शेगडी हाय. धुराचं नाव न्हाई."

"आन् खिडकी?"

खिडकीचा विषय निघाला की मला थांबवणं अवघड. मी त्याला मळीचा टँकर सांगितला, यमाची बेल सांगितली, मुंगीला आत यायला दोन दिवस लागले तेही सांगितलं.

"मामा," तो म्हणाला, "शेगडी आत्ताच्या आत्ता भाईर काढा."

मग त्यानं सांगितलं. तिकडं वर, तंबूत, थंडीच्या तडाख्यात आत बुखारी, म्हणजे तिकडची लोखंडी शेगडी, पेटवलेली. रात्रभर छान ऊब. सकाळी शेजारच्या तंबूतून हाक मारली तर आतून ओ आली नाही. "धूर नव्हता मामा. धूर असता तर पोरं खोकत उठली असती. बंद जागंत काय बी जळलं की त्यातनं एक वायू निघतो. त्याला वास न्हाई, रंग न्हाई. मानूस झोपतो आन् झोपूनच ऱ्हातो."

तेवढ्यात आक्कानं फोन ओढला.

"जावईबापू, तुमची ती बुखारी रॉकेलची. माझा कोळसा वाजवून घेतलेला हाय. आमच्या गलाईच्या भट्टीम्होरं आमचं मालक जन्मभर बसलं. त्येंला काय झालं?"

"आत्या, दुकानाला दार हुतं का?"

"दार कशाला? निस्तं शटर. दिसभर वर."

"आन् भट्टीला धुराडं?"

"हुतं की. छपराच्या वर गेलेलं."

"मग तेच सांगतोय न्हवं मी," जावई म्हणाला. "पाया पडतो आत्या, शेगडी बंद करा. मी ऑनलाईन एक डबा धाडतो. असला वायू झाला की त्यो वरडतो. त्यो खोलीत ठिवा."

आक्का "बरं" म्हणाली. सासरच्या माणसाला बायका ज्या सुरात बरं म्हणतात, त्या सुरात. पण जावयाचा शब्द पडला म्हणून तिनं शेगडी दोन दिवस अंगणात उपडी घातली. दोन दिवस लेकीचं डोकं दुखलं नाही. घरात सर्वांनी एकमतानं ठरवलं, की दृष्ट उतरली.

तिसऱ्या दिवशी डबा आला. पांढरा, साबणाच्या डबीपेक्षा जरा मोठा, कोपऱ्यात हिरवा दिवा लुकलुकणारा. जावयानं फोनवरून सांगितलं तसा बाजेच्या उशाशी फळीवर ठेवला आणि बटण दाबून बघितलं. असा किंचाळला, की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं, कोंबडी ओसरीवरच अंडं टाकून पळाली, आणि वाठार स्टेशनावर गाडी थांबली असं मी पुढं वर्षभर सांगणार आहे. नात मात्र दचकून अशी रडली, की तिला गप्प करायला निम्मी दुपार गेली.

आक्का त्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडं टक लावून बघत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्येच्यात क्यामेरा हाय."

"आगं न्हाई आक्का."

"मग डोळा कशाला मिचकावतोय त्यो? बाळंतिणीच्या खोलीत जावयाचा डोळा! लाज न्हाई वाटत तुला?" आणि तिनं नातीचं एक जुनं टोपडं आणून डब्याला घातलं. हनुवटीखाली बंदसुद्धा बांधला. मग हात झटकून म्हणाली, "झालं. आता राखायला त्यो बसला न्हवं? मग उद्यापासनं शेगडी घ्यायला काय हरकत हाय? दोन दिसाचा शेक ऱ्हायलाय पोरीचा."

आणि खरं सांगतो, कुणालाच काही वावगं वाटलं नाही. राखणदार आणला, म्हणजे चोराला आत घ्यायला मोकळे, असा आमचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी उसावर धुकं इतकं दाट, की ते कोयत्यानं तोडून मोळ्या बांधाव्यात. आक्कानं दोन दिवसांची कसर भरून काढायला शेगडी शीग लावून भरली. आत नेली. कडी लागली. मी आणि भाई अंगणात चहा घेत बसलो. मी त्याला उसातल्या बिबट्याची गोष्ट सांगत होतो, म्हणजे बिबट्यानं झेप घेतली आणि मी नुसतं खाकरलो, तिथपर्यंत आलो होतो. तेवढ्यात घरातून चिरका आवाज सुरू झाला. थांबून थांबून, टी-टी-टी-टी.

"ट्रॅक्टर रिव्हर्स येतोय जणू," भाई म्हणाला.

"येऊ दे. तर बिबट्या असा हवेत—"

आणि माझी जीभ जागीच थांबली. काल त्या आवाजानं नात निम्मी दुपार रडली होती. आज आवाज तोच, पण नात रडत नव्हती.

तो बिबट्या अजून हवेतच आहे. ती गोष्ट मी पुढं कधी सांगितली नाही.

मी दाराला धडक मारली. सागवानी दार, आतून कडी. "आक्का! आक्का, कडी काढ!" आतून डब्याशिवाय कुणाचा आवाज नाही. माझी बायको चुलीपाशी होती ती धावत आली आणि लेकीच्या नावानं हाका मारायला लागली. मी उंबऱ्यापाशी टेकवलेली पहार उचलली, घराला वळसा घातला आणि भाईची ती खिडकी, जिच्यातून मुंगी जात नव्हती ती, पहिल्या घावात खळ्ळकन आत. ग्रिल होतं, त्यामुळं आत शिरता येईना. पण वारा शिरला. ज्या वाऱ्याला आम्ही सव्वा महिना बाहेर ठेवणार होतो, त्याला मी हातानं आत ढकलत होतो म्हणा ना.

"आक्का! आगं दार!"

ग्रिलमधून दिसलं. लेक बाजेवर निपचित, नात तिच्या कुशीत. दाराशी आक्का कलंडलेली. माझ्या हाकेनं तिनं डोळे उघडले. तिला उठता येईना. पण माझी बहीण आहे ती. गुडघ्यावरही येता येईना तर ती सरपटली, दाराला पाठ लावून वर चढत गेली आणि डोक्यावर हात नेऊन तिनं कडी सरकवली. दार उघडलं तशी माझ्या बायकोच्या पायांवर आडवी झाली.

"आदी पोरीस्नी," एवढंच म्हणाली.

भाईनं तोंडाला उपरणं लावलं. त्याचा उपयोग नव्हता हे आम्हाला नंतर कळलं, पण तेव्हा तो लेकीला उचलून बाहेर आला, बायको नातीला घेऊन आली, मी आक्काला ओढली. अंगणात, धुक्यात, उघड्या आभाळाखाली सगळ्यांना ठेवलं. बायको नातीचे तळवे चोळत होती. नात गुलाबी, देखणी, आणि शांत. इतकी गुणाची नात मला नको होती. मी आयुष्यात कुठल्या देवाला काही मागितलं नव्हतं, कारण जे हवं ते मी थापा मारूनच मिळवायचो. पण त्या वेळी मी मनात म्हणत होतो, रड. बाई, एकदा रड.

रडली. आधी मांजरासारखी, मग आक्काच्या मालिशला शोभेल अशी. माझ्या मते तो आवाज सांगलीपर्यंत गेला.

भाईच्या टेम्पोतून, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर गोधड्या टाकून, आम्ही साताऱ्याचा दवाखाना गाठला. लेक आणि आक्का शेजारशेजारच्या खाटांवर, दोघींच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. नात काचेच्या पलीकडं, तिलाही ऑक्सिजन. बायकोच्या हातात अजून तो डबा, टोपड्यासकट. तिनं का आणला कुणास ठाऊक. डॉक्टरीणबाईंनी आधी डब्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. वयानं माझ्या लेकीएवढ्या, पण आवाज मुख्याध्यापकांचा.

"ह्याला टोपडं कुणी घातलं?"

बायकोनं डबा पदराआड केला.

"नशीब, कापड पातळ होतं. जाड असतं, तर हा वेळेवर वाजला नसता. बरं, बंद खोलीत कोळशाची शेगडी कुणी ठेवली?"

मी आक्काकडं बघितलं. मास्कच्या वरचे तिचे डोळे. आक्कानं आमच्या घराण्यातली निम्मी पोरं स्वतःच्या मांडीवर न्हाऊ घातलीत. मलाही तिनंच न्हाऊ घातलंय. आमची आई शेतात, आणि ही स्वतः परकरी पोर. ते डोळे आता छताकडं लागले होते आणि कडेनं पाणी कानात उतरत होतं.

"मी," मी म्हणालो.

"तुम्ही? बाळंतिणीची शेगडी?"

"व्हय. आमच्यात बाळंतिणीचा बापच पेटवतो. तशी पद्धत हाय."

माझी बायको माझ्याकडं बघतच राहिली. डॉक्टरीणबाईंनी मला असं झापलं, की वॉर्डमधले दोन पेशंट घाबरून बरे झाले. निखारा दिसायला कितीही स्वच्छ असो, धूर नसला म्हणजे वायू नसतो असं नाही. बंद खोलीत शेगडी नाही, बाजेखाली नाही, कोपऱ्यात नाही, खिडकी बोटभर उघडी ठेवूनही नाही. डोकं दुखलं, मळमळलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर दृष्ट काढत बसायचं नाही. सगळ्यांना बाहेर काढायचं आणि दवाखाना गाठायचा. लहान बाळाला सगळ्यात आधी बाधतं, आणि ते बिचारं सांगू शकत नाही, झोपून जातं.

"आणि गॅसचा गिझर कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"न्हाणीत," मी म्हणालो. "दार घट्ट बसतंय एकदम." आणि लगेच जीभ चावली.

"तोही बाहेर काढा."

बाई गेल्या. आक्कानं खाटेवरून हात लांब करून माझं मनगट धरलं. तशीच धरून राहिली, सलाईन संपून नर्स येईपर्यंत.

सगळी सुखरूप घरी आली. लेकीचं डोकं उतरलं, आणि डॉक्टरीणबाईंनी नातीला पुन्हा पुन्हा बोलावून, तपासून, ती ठणठणीत असल्याचं सांगितलं. जावयानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मामा, आत्यांना काय बोलू नगा." भाईनं नवीन काच बसवली आणि म्हणाला, "धा वर्साची गॅरंटी दिलीवती गड्या, पण पहारीची दिली नव्हती." आणि मग स्वतःच वरच्या अंगाला हवेसाठी एक झडप ठेवली, कायमची उघडी राहणारी. गिझर न्हाणीबाहेर भिंतीवर गेला.

यमाला बेल वाजवायची गरजच पडली नव्हती. आम्ही त्याला निखाऱ्यावर बसवून बाजेखाली सरकवला होता. हे मी भाईला म्हणालो तेव्हा तो हसला नाही. मीही नाही.

आक्का मात्र पिशवी भरत होती. "मला इट्याच्या गाडीत बसवून द्या. माझ्या हाताला आता पोर देऊ नगा कुणी."

माझी लेक बाजेवरून उठली, नातीला घेतलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "आत्या, मालिश कोण करणार? आप्पा? त्यांनी शेगडी पेटवली तवाचा परताप बघितला न्हवं का?"

आक्का हसली. त्या दिवसांतलं पहिलं हसू. मग डोळ्याला पदर लावला, आणि मग पिशवीतून तेलाची वाटी बाहेर काढली. मालिश आता झडपेखालच्या उजेडात होते. शेक गरम पाण्याच्या पिशवीचा आणि उन्हाचा. शेगडी अंगणात, तिच्यावर फक्त दुपटी वाळतात. डब्याचं टोपडं आक्कानं स्वतः सोडलं. बटण दाबून बघायचं कामही तिनं कुणाला दिलं नाही. आठवड्याला एकदा दाबते, नात कोकलते, आणि आक्का म्हणते, "रड गं बाय. रड."

आता ती कुणाच्याही बाळंतपणाला गेली, की असला एक डबा पिशवीत घेऊन जाते. जावयानं आणखी दोन पाठवलेत. विट्यापासून इस्लामपूरपर्यंत तिचा फेरा. उंबऱ्यातच सांगते: शेगडी भाईर, दार उघडं, ह्यो डबा उशाला, आन् डबा हाय म्हणून शेगडी आत घ्यायची न्हाई. लोक ऐकतात, कारण आक्काचं बोलणं कुणी खाली पडू देत नाही. मी हेच सांगितलं तर हसतात. वास नाही, रंग नाही, धूर नाही, आणि माणूस मारतो! ही माझी आजवरची सगळ्यात मोठी थाप, असं बाजारात ठरलंय.

परवा इस्लामपूरला, जावयाच्या चुलत्यांच्या घरी जेवायला बसलो होतो. त्या घरची एक म्हातारी माझ्याकडं बघत वाढायची थांबली.

"तुमीच व्हय ते? बाळंतिणीच्या बाजंखाली शेगडी सारणारं?"

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या बहिणीनं. समद्या मुलखात सांगती. म्हणती, माझा भाऊ येडा, कुणाचं ऐकत न्हाई. त्यानं शेगडी पेटवली आन् आमी मराय टेकलो. तुमी तसं करू नगासा."

समोरच्या ताटावर आक्का बसली होती. मान खाली घालून भाकरी मोडत होती. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. फक्त तिच्या ताटातली वांग्याची फोड उचलून माझ्या ताटात टाकली. लहानपणापासून मला आवडते ती.

"व्हय," मी म्हातारीला म्हणालो. "मीच त्यो."